माहुरात आजारी कसं पडावं: नवशिक्यांसाठी

हे मार्गदर्शन धडधाकट माणसांसाठी आहे. ज्यांना आजारपणाचा सराव आहे त्यांनी ते वाचण्यात वेळ घालवू नये. त्यांना यातलं सगळं तोंडपाठ आहे, शिवाय त्यांचा नंबर केव्हाही पुकारला जाईल.

आजारी पडायचं ठरलं की आधी मुहूर्त बघावा. माहूरला सर्वांत उत्तम काळ नवरात्राचा. गडावर आरोग्य पथक बसलेलं असतं, रुग्णवाहिका उभी असते, ओआरएसची पाकिटं असतात, चक्कर आलेल्याला टेकायला खाट असते. त्याखालोखाल राखी पौर्णिमेची परिक्रमा आणि दत्तजयंती. या दिवसांत भाविक म्हणून चक्कर आली तर यंत्रणा तुमच्यापर्यंत चालत येते. एरवी रहिवासी म्हणून आली तर तुम्ही यंत्रणेपर्यंत चालत जायचं असतं. तेव्हा ज्याला शक्य असेल त्याने आजारपण आश्विनापर्यंत थोपवून धरावं.

ते जमत नसेल तर निदान वार आणि वेळ सांभाळावी. कामाच्या दिवशी सकाळी ओपीडी उघडली की लगेच येणारा ताप हा सर्वांत समंजस ताप. रविवार, दिवाळी, आणि पैनगंगेला पूर असलेली रात्र टाळावी. रात्री दोनला पोटात कळ येणं हा नवशिक्यांचा हमखास दोष.

साहित्य

रेशनकार्डाची मूळ प्रत, आधार कार्ड, दोन्हींच्या भरपूर झेरॉक्स. दोन्हींवर नाव एकच हवं. एकावर गंगूबाई आणि दुसऱ्यावर गंगाबाई असेल तर त्या दोन बायका ठरतात, आणि मोतीबिंदू नेमका कोणाच्या डोळ्यात आहे हा प्रश्न उभा राहतो. सोबत दोन नातेवाईक घ्यावेत, एक वाचता येणारा आणि एक भांडता येणारा. दोन्ही गुण एकाच माणसात असतील तर गावाने त्याला आधीच सरपंच केलेलं असतं, त्यामुळे तो रिकामा सापडत नाही. चादर, तांब्या, लांब वायरचा चार्जर. आणि एक जाड प्लास्टिकची पिशवी, जिच्यात सगळे कागद राहतील. ही पिशवी जपावी. तुमच्या उपचाराचा सलग इतिहास महाराष्ट्रात फक्त या पिशवीत असतो.

आधी थोडं भूगोलाचं

माहूरला तीन शिखरं आहेत: रेणुकामातेचं, दत्ताचं आणि अनसूयेचं. नकाशावर ती एकमेकांना खेटून दिसतात. पायी निघालात की कळतं, एकावरून दुसऱ्यावर पाऊल टाकता येत नाही. खाली उतरायचं आणि पुन्हा पहिल्यापासून चढायचं. आरोग्यसेवेचेही तीन स्तर सांगतात. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र हा पहिला, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय हा दुसरा, वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय हा तिसरा. पुस्तकात ते एकावर एक रचून दाखवलेले असतात. प्रत्यक्षात ती माहूरची शिखरं आहेत.

याचं कारण वैद्यकीय नाही. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, त्यावर जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय थेट राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचं, त्यावर जिल्हा शल्यचिकित्सक. महाविद्यालयाचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचं, त्यावर अधिष्ठाता. पोट एकच दुखत असतं, पण ते दुखत दुखत तीन खाती ओलांडतं. प्रत्येक ठिकाणी केसपेपर नवा, बीपी नव्याने, आणि ‘कधीपासून दुखतंय?’ हा प्रश्न नव्याने. उत्तर दर वेळी तेच द्यावं. कंटाळून वेगळं दिलं तर निदान बदलतं.

पायरी पहिली: शेजारी मोजा

उपकेंद्र सपाटीवर ५,००० लोकांमागे एक असावं आणि डोंगराळ, आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक, असा नियम आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी हेच आकडे ३०,००० आणि २०,०००. ग्रामीण रुग्णालयासाठी १,२०,००० आणि ८०,०००. किनवट-माहूरचा पट्टा आदिवासी म्हणून मोजला जातो, म्हणजे इथे सवलतीचा आकडा. आजारी पडण्यापूर्वी आपल्या भोवती पुरेसे लोक राहतात ना, याची खात्री करून घ्यावी. कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, मोजकी घरं आणि मधे नाला असेल, तर लोकसंख्या वाढेपर्यंत तब्येत सांभाळणं इष्ट. नियम डोकी मोजतो, डोंगर मोजत नाही. सवलत दिली ती डोंगर लक्षात घेऊनच, पण डोक्यांच्याच हिशेबात.

उपकेंद्रात आरोग्यसेविका असते, आरोग्यसेवक असतो आणि अलीकडे समुदाय आरोग्य अधिकारीही असतात. पाटी मात्र ओळखीची नसेल. आधी ती उपकेंद्राची होती. २०१८ नंतर आरोग्यवर्धिनी केंद्राची झाली. २०२३ च्या अखेरीस केंद्र सरकारने आयुष्मान आरोग्य मंदिर हे नाव ठरवलं. आरोग्याच्या क्षेत्रात पेंटरचा धंदा कधी मंदीत आलेला नाही. माहूरसारख्या क्षेत्राच्या गावी या शेवटच्या नावाने बाहेरचे भाविक गोंधळले, तर त्यांना वरच्या रस्त्याला लावून द्यावं.

उपकेंद्राच्याही अलीकडे आशाताई आहे. तिची ओळख करून घ्यायला मुहूर्त लागत नाही, ती आपणहून दारात येते. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं त्यात ही योजना आली. गरोदर बाई कोण, लसीचं बाळ कोणतं, क्षयाच्या गोळ्या कोणी मधेच सोडल्या, हे तिला पाठ असतं. खात्याच्या लेखी ती कर्मचारी नाही, ‘स्वयंसेविका’ आहे. तिला पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो. २०२३ च्या शेवटी राज्यातल्या आशा संपावर गेल्या, तेव्हा साहेबांच्या टेबलावरचे रकाने रिकामे राहू लागले आणि या रकान्यांत इतके दिवस कोण लिहीत होतं हे साहेबांना कळलं.

पायरी दुसरी: सहा खाटा

प्राथमिक आरोग्य केंद्र, उदाहरणार्थ वाई बाजारचं. इथे वैद्यकीय अधिकारी भेटतात, बाळंतपणाची खोली असते, औषधं फुकट असतात आणि खाटा सहा. या सहाचं दुःख करायचं असेल तर त्यासाठी आधी इतिहास वाचावा लागतो. १९४३ साली सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली आणि १९४६ साली तिने अहवाल दिला. आपली सगळी उतरंड त्या अहवालातून आली. त्याच्या दीर्घ मुदतीच्या आराखड्यात १०,००० ते २०,००० लोकांमागे ७५ खाटांचं प्राथमिक रुग्णालय होतं. तोवर तात्पुरती सोय म्हणून ४०,००० लोकांमागे एक केंद्र सुचवलं होतं. पहिली केंद्रं १९५२ साली समुदाय विकास योजनेबरोबर सुरू झाली. सरकारी कामात तात्पुरत्या सोयीइतकं टिकाऊ काही नसतं, हे भोर साहेबांना ठाऊक नसावं.

तरीही नवशिक्याने या सहा खाटांना नाक मुरडू नये. जालना जिल्ह्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर रायगडमधल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. कोकणातला लाल विंचू चावला की पोरं हृदय आणि फुप्फुसं निकामी होऊन जात. त्यांनी अशा रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबावरचं साधं औषध वापरलं आणि ते निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. विंचूदंशाने होणारे मृत्यू चाळीस टक्क्यांच्या घरातून एक टक्क्यापर्यंत खाली आले. यासाठी ना एमआरआय लागला, ना सुपर स्पेशालिटी. डॉक्टर रात्री हजर होता आणि वहीत लिहीत होता, एवढं लागलं. पहिल्या शिखरावर काय होऊ शकतं याचा हा पुरावा आहे. म्हणून साप किंवा विंचू चावला तर आधी जवळच्या केंद्रात जावं, सर्पदंशावरची लस तिथे ठेवायचीच असते. मंत्र टाकणारा वाटेत भेटला तर त्याला गाडीत घ्यावं, वाटेत टाकू द्यावा, पण गाडी थांबवू नये.

पायरी तिसरी: भूल

ग्रामीण रुग्णालय ३० खाटांचं, उपजिल्हा रुग्णालय ५० किंवा १०० खाटांचं. माहूरला ग्रामीण रुग्णालय आहे. उपजिल्हा रुग्णालय किनवटजवळ गोकुंद्याला, पन्नासेक किलोमीटरवर. या स्तरावर तज्ज्ञ भेटतील असं गृहीत आहे: फिजिशियन, सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ. केंद्र सरकारच्याच २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीत, देशभरात या पातळीवर लागणाऱ्या तज्ज्ञांपैकी सुमारे ८० टक्के कमी आहेत असं छापलेलं आहे. तेव्हा कोणत्याही ग्रामीण रुग्णालयात पाऊल ठेवताना ‘सर्जन आहेत का?’ असं विचारू नये, तो नवशिक्याचा प्रश्न झाला. ‘भूलवाले आहेत का?’ असं विचारावं. सिझेरियनला पोट उघडणारा, भूल देणारा आणि बाळ पाहणारा असे तिघे एकाच वेळी एकाच इमारतीत लागतात, शिवाय रक्ताची पिशवी. तिघांपैकी दोघे हजर असणं आणि एकही नसणं यात बाळंतिणीच्या दृष्टीने फरक नाही.

खर्चाची काळजी मात्र इथवर करू नये. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सर्व रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं निःशुल्क आहे. वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालयं त्या निर्णयात नव्हती. म्हणजे दुसऱ्या शिखरावर दर्शन फुकट आणि तिसऱ्यावर पावती. रुग्ण तोच, सरकार तेच, फक्त लेटरहेड वेगळं.

पायरी चौथी: रेफर

मराठवाड्यात ‘रेफर केलं’ हे वाक्य ऐकलं की घरात रडारड सुरू होते. नवशिक्याने तसं करू नये. रेफर म्हणजे चिठ्ठी. चिठ्ठीवर वेळ लिहिली आहे का, कोणतं इंजेक्शन किती वाजता दिलं हे लिहिलं आहे का, एवढं आधी पाहावं आणि मग सवड असेल तर रडावं. जिथे पाठवतायत तिथे फोन करायला सांगावं. पुष्कळदा रुग्ण आधी पोहोचतो आणि तो येतोय ही बातमी नंतर.

१०८ फिरवावा. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झाली, ९३७ रुग्णवाहिकांनिशी. त्यातल्या २३३ प्रगत जीवरक्षक आणि बाकीच्या मूलभूत. आपल्याला कोणती आली हे आत व्हेंटिलेटर दिसतो की नाही यावरून ओळखावं. गरोदर बायांसाठी १०२ वेगळा आहे आणि सल्ल्यासाठी १०४. तिन्ही नंबर दाराच्या मागच्या बाजूला खडूने लिहून ठेवावेत, रात्री आठवत नाहीत.

आता कुठे जायचं? हा माहूरकरांचा जुना पेच. जिल्ह्याचं ठिकाण नांदेड सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. धनोड्याला पैनगंगेचा पूल ओलांडून महागाव, उमरखेडवरून हदगावला निघायचं, म्हणजे आपल्याच जिल्ह्याच्या गावाला जायला दुसऱ्या जिल्ह्यातून जायचं. वाटेत मन फिरलं तर यवतमाळचं वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालय त्यापेक्षा बरंच जवळ पडतं. पुसदला खासगी दवाखान्यांची रांग आहे. किनवटकडच्यांना आदिलाबाद जवळ, पण तिकडे राज्य वेगळं, कार्ड वेगळं आणि डिस्चार्जचा कागद तेलुगू बोलणाऱ्या माणसाकडून समजावून घ्यावा लागतो. कागदावरची साखळी म्हणते नांदेड. गाडी चालवणारा म्हणतो, ‘बोला लवकर, कुठं घेऊ?’ निर्णय या प्रश्नाच्या उत्तरात होतो आणि तो घेणारा बहुधा पेशंटचा मेहुणा असतो.

पायरी पाचवी: विष्णुपुरी

नांदेडच्या विष्णुपुरीतलं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ साली सुरू झालं. नांदेड, हिंगोली, परभणी, इकडे यवतमाळच्या कडेची गावं आणि पलीकडून तेलंगण, सगळ्यांच्या चिठ्ठ्या इथे येऊन पडतात. इथे गमतीला थोडी रजा द्यावी लागते. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत या रुग्णालयात २४ जण दगावले, त्यात १२ नवजात बाळं होती. पुढच्या दिवसात आकडा ३१ वर गेला. औषधं नव्हती, असा आरोप झाला. दूरदूरहून शेवटच्या अवस्थेत रुग्ण येतात, असं उत्तर आलं. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. एक खासदार आले आणि त्यांनी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन शौचालय साफ करायला लावलं, कॅमेऱ्यासमोर.

आरोप आणि उत्तर, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, असं मला वाटतं. तिसऱ्या शिखरावर मृत्यू मोजले जातात, कारण ते तिथे होतात. बाळ तिथे पोहोचण्याआधी कुठल्या दारात किती तास थांबलं, याचा हिशेब कोणत्याही एका खात्याच्या रजिस्टरात मिळत नाही. वाटेतली दारं वेगवेगळ्या खात्यांची. झाडू मात्र एकाच्याच हातात देता येतो.

खासगीकडे वळायचं असल्यास: पाटी वाचायला शिका

बहुतेक नवशिके पहिल्या शिखराला वळसा घालून थेट खासगी दवाखान्यात जातात. तिथे कायदा काय म्हणतो हे माहीत असावं, निदान बाकड्यावर बसल्या बसल्या वाचायला काहीतरी मिळतं.

महाराष्ट्रात खासगी रुग्णालयाची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली होते. केंद्राने २०१० साली वैद्यकीय आस्थापनांचा वेगळा कायदा केला. आरोग्य हा राज्याचा विषय असल्याने तो घ्यायचा की नाही हे राज्यांवर होतं. महाराष्ट्राने तो घेतला नाही, आमचा कायदा आम्ही करू म्हणाला, आणि जुन्याच कायद्याचे नियम जानेवारी २०२१ मध्ये सुधारले. नोंदणी तीन वर्षांची. महापालिकेच्या हद्दीत महापालिका ती करते, बाहेर जिल्ह्याचं आरोग्य खातं. सुधारलेल्या नियमांनुसार दरपत्रक दर्शनी भागात लावायचं, रुग्णहक्कांची सनद लावायची आणि तक्रार कुठे करायची तो टोल फ्री क्रमांकही लिहायचा. औषध आमच्याच दुकानातून घ्या अशी सक्ती नाही. बिल थकलं म्हणून मृतदेह अडवता येत नाही.

दरपत्रक शोधण्याचा सराव घरी करावा. ते बहुधा कॅलेंडरच्या मागे, फिश टँकच्या डावीकडे किंवा डॉक्टरांच्या सत्काराच्या फोटोखाली असतं. सापडलंच तर मोबाइलवर फोटो काढू नये, काउंटरवरचा मुलगा बिचकतो. वाचता येणारा नातेवाईक इथे पुढे करावा, भांडणारा राखीव ठेवावा.

या कायद्याची गंमत अशी की तो खाटेपासून सुरू होतो. खाट टाकून रुग्ण ठेवला की शुश्रूषागृह झालं आणि नोंदणी आली. खाट नसेल, नुसतं टेबल, स्टूल आणि पडदा असेल, तर हा कायदा दारातून माघारी फिरतो. आत बसलेल्याने आपापल्या वैद्यक परिषदेकडे नाव नोंदवलं म्हणजे झालं. रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबसाठी तर राज्यात स्वतंत्र कायदा अजून नाही. बसस्टँडसमोरच्या गाळ्यात झेरॉक्स, रिचार्ज आणि थायरॉइड एका छताखाली मिळू शकतात, आणि ज्या आकड्याच्या भरवशावर मेहुणा पुसदला गाडी वळवतो तो आकडा अशाच गाळ्यातून आलेला असू शकतो.

याच्या बरोब्बर उलट टोकाला सोनोग्राफीचं यंत्र. मराठी मुलखात त्याच्याइतकं शिस्तीत राहणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. गर्भलिंग निदानाविरुद्धचा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, केंद्राचा १९९४ साली आला. यंत्राची नोंदणी, जागेची नोंदणी, चालवणाऱ्याची नोंदणी आणि प्रत्येक गरोदर बाईमागे ‘एफ’ फॉर्म. रकाना चुकला तर यंत्राला सील. येथे गर्भलिंग निदान केले जात नाही, ही पाटी तर सगळ्यात मोठ्या अक्षरात, कारण ती न लावणं हाच गुन्हा. याचा अर्थ असा की सरकारने मनावर घ्यायचं ठरवलं की जमतं. मग ते बाकी ठिकाणी का जमत नाही, हा प्रश्न सोनोग्राफीच्या रांगेत मोठ्याने विचारू नये, रांग पुढे सरकत नाही.

नियमांची बाकीची यादी रुग्णाला सहसा दिसत नाही. सुया आणि कचऱ्याचे डबे चार रंगांचे असतात, पिवळा, लाल, पांढरा, निळा. चारही रंगांची झाकणं स्वच्छ असतील तर एक तर रुग्णालय उत्तम आहे किंवा तपासणी कालच झाली आहे. एक्स-रेसाठी अणुऊर्जा नियामक मंडळ, औषध दुकानासाठी अन्न व औषध प्रशासन. आणि आग. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागून १० बाळं गेली. ते रुग्णालय सरकारी होतं. शुश्रूषागृहाच्या कायद्याखाली ज्यांच्या कचेरीतून खासगीवाल्यांना नोटिसा निघतात, त्यांच्या स्वतःच्या इमारतीची तपासणी कोणी करायची, याला सरळ उत्तर नाही. सरकारी रुग्णालयाला स्वतःचं प्रमाणपत्र स्वतःच मिळवायचं असतं. त्यामुळे दाखल झालात की आधी जिना बघून ठेवावा, मग पंखा.

ज्याला पाटीच नाही त्याच्याविषयी

यानंतर राहतो तो मोटरसायकलवाला. त्याच्याकडे खाट नाही, पाटी नाही, पदवीबद्दल कोणी विचारत नाही. हँडलला पिशवी, पिशवीत सलाईन, दुखणं थांबवणारं इंजेक्शन आणि बहुधा स्टिरॉइड. बंजारा तांड्यावर गेला तर गोरमाटीत बोलतो. रात्री बोलावलं तर येतो. पैसे कापूस विकल्यावर घेतो. महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ च्या कलम ३३ खाली हा सरळ गुन्हा आहे. त्याला हुडकायला तालुका पातळीवर समितीही असते. समितीची मोहीम पत्राने सुरू होते, आणि पत्र तालुक्याला पोहोचेपर्यंत मोटरसायकल धनोड्याचा पूल ओलांडून यवतमाळ जिल्ह्यात गेलेली असते. हद्द संपली.

मी त्याची बाजू घेत नाही. त्याच्या सुईने गळू झालेली आणि त्याच्या स्टिरॉइडने मधुमेह उफाळलेली माणसं पुढे सरकारी खाटेवरच येऊन पडतात. पण तीन शिखरांच्या या सगळ्या व्यवस्थेत आजाऱ्याच्या दारापर्यंत येणारी माणसं दोनच, आशाताई आणि हा. एकीला पगार नाही आणि दुसऱ्याला परवाना नाही.

कार्ड आणि कट

महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं कार्ड काढलं नसेल तर काढावं. २०१२ च्या जुलैमध्ये ही योजना राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात नांदेड होतं. तेव्हा अभिमान वाटला होता. नंतर कळलं की नमुना म्हणून निवडायला असे जिल्हे बरे पडतात. २०१७ मध्ये नाव बदललं. कुटुंबामागे दीड लाखाची मर्यादा पुढे पाच लाख झाली. रुग्णालयात शिरल्यावर डॉक्टरांच्या आधी आरोग्यमित्राचं टेबल शोधावं आणि ‘हा आजार यादीत बसतो का?’ हे विचारावं. बसत नसेल तर निराश होऊ नये, शेजारचा आजार बसत असेल.

एका रुग्णालयातून दुसऱ्याकडे जायचा सल्ला फार आपुलकीने मिळाला, तर ती आपुलकी कोणाच्या खर्चाने आहे हे पाहावं. वर ज्यांचं नाव आलं त्या डॉ. बावस्करांना २०१३ साली एका निदान केंद्राकडून १,२०० रुपयांचा धनादेश आला होता, रुग्ण पाठवल्याबद्दल. त्यांनी तो वठवला नाही, वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. २०१७ मध्ये राज्याने कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदा केला. तो मसुदाच आहे.

बरं वाटू लागल्यावर

सुट्टी मिळाली की लगेच घरी पळू नये. केसपेपर, तपासण्या, सगळ्याच्या प्रती मागाव्यात. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत त्या द्याव्या लागतात. ‘साहेबांना विचारावं लागेल’ हे उत्तर त्या ७२ तासांत मोजावं.

तक्रार करायची असेल तर तिलाही रेफरल आहे, हे ध्यानात ठेवावं. प्राथमिक आरोग्य केंद्राबद्दलची तक्रार तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे, मग नांदेडला जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे. ग्रामीण रुग्णालयाबद्दलची जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. दोघेही नांदेडलाच असतात, म्हणून एका वारीत दोन्ही कामं होतील असं समजू नये. एकाचं कपाट जिल्हा परिषदेचं, दुसऱ्याचं राज्याचं. तिथे समाधान झालं नाही तर लातूरला आरोग्य उपसंचालकांचं कार्यालय आहे. विष्णुपुरीबद्दलची तक्रार मात्र लातूरला नेऊ नये, ते खातं वेगळं, ती वैद्यकीय शिक्षणवाल्यांकडे. खासगीबद्दल असेल तर आधी त्या फिश टँकशेजारचा टोल फ्री क्रमांक लावावा.

अर्ज दोन प्रतींत लिहावा, दुसरीवर आवक-जावकचा शिक्का आणि पोच घ्यावी. ‘साहेब मीटिंगला गेलेत’ असं सांगितलं, तर साहेब कोणत्या खात्याचे, तेवढं मात्र विचारून घ्यावं.